रात्रपाळीची विलायत

चांदूर या नावामागे ‘रेल्वे’ लावावेच लागते, कारण त्याच अमरावती जिल्ह्यात बाजारामुळे ओळखले जाणारे दुसरे चांदूर आहे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ भुसावळहून बडनेऱ्यावरून नागपूरला भिडला आणि या चांदुराला त्याचे आडनाव मिळाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडी कापसाची गरज कळून चुकली होती. रुळांमागचा हेतू तोच होता: कास्तकाराचा कापूस, जिनिंगमध्ये सरकी काढून, प्रेसमध्ये गाठी बांधून, लवकरात लवकर मुंबईच्या गोदीवर पोचवायचा. पुढे याच फलाटांवरून वऱ्हाडातली शिकलेली पोरेही मुंबईला गेली आणि त्यांतली काही बोटीत बसून विलायतेला. शेजारच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरा आणि ऑक्सफर्ड करून १९२६ मध्ये परतले. त्यांच्या नावामागचे ‘डॉक्टर’ वैदिक वाङ्मयातील धर्मावरच्या प्रबंधाचे होते, पण अमरावतीत १९८४ साली उभे राहिलेले वैद्यकीय महाविद्यालय त्यांचेच नाव सांगते. वैद्यकी करून जाणाऱ्यांबद्दल घरोघरी एकच वाक्य बोलले जाई: पोरगा पुढचे शिकायला विलायतेत गेला. या वाक्यातल्या ‘शिकायला’ या शब्दाने एक मोठी गोष्ट झाकून ठेवली आहे. नुकताच डॉक्टर झालेला तरुण परदेशी जातो तो वर्गात बसायला जात नाही, वॉर्डात उभा राहायला जातो. पदवीनंतरची पहिली दोन-चार वर्षे ही जगभर नोकरीच असते. पगार असतो, रात्रपाळी असते, आणि वर कोणीतरी चूक सावरणारा असतो. म्हणून या प्रथेचा इतिहास मला ज्ञानाच्या ओढीचा कमी आणि जागांच्या वाटपाचा जास्त वाटतो. शिकाऊ डॉक्टरला जबाबदारी देणारी आणि तरी त्याला एकटे न सोडणारी जागा जिथे होती तिथे तो गेला, मग ते गाव कितीही आडवळणाचे असो. चांदूर रेल्वेसारख्या गावाच्या वाट्याला तो आला नाही, कारण तशी जागा इथे कोणी निर्माणच केली नाही.

वऱ्हाडात या विषयावर बोलताना कापसाची उपमा हमखास दिली जाते. कच्चा माल इथून गेला, कापड तिथे विणले गेले, डॉक्टरांचेही तेच झाले, असे म्हटले जाते. उपमा जवळची आहे, मनाला लागणारीही आहे, पण तिने विचार चुकीच्या दिशेला जातो. गाठ मँचेस्टरला पोचल्यावर काही करत नाही, तिच्यावर काम केले जाते. नवा डॉक्टर मात्र पोचल्या दिवसापासून काम करतो. रात्री अकराला दाखल झालेल्या रुग्णाची हकिकत लिहून घेणे, रक्त काढणे, सलाईन लावणे, पहाटे चारला श्वास लागला म्हणून धावणे, सकाळी वरिष्ठांपुढे सगळे मांडणे: त्याचे शिक्षण या कामातूनच होते आणि ते काम कोणीतरी केले नाही तर रुग्णालय बंद पडते. म्हणजे यजमान देशाने त्याला घडवले हे जितके खरे, तितकेच त्याने यजमान देशाचे रुग्णालय चालवले हेही खरे. कापसाच्या उपमेत हा दुसरा अर्धा भाग हरवतो, आणि आपला सारा युक्तिवाद ‘माल गेला’ या हळहळीपाशी थांबतो.

या जागा परदेशात का होत्या, याचे पहिले उत्तर ब्रिटिश राज्याच्या नोकररचनेत आहे. जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन हा बहुधा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा अधिकारी असे. या सेवेची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून हिंदी तरुणांना खुली झाली खरी, पण ती होई लंडनला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून कितीही चांगल्या गुणांनी पदवी मिळवलेल्या मुलाला ती द्यायची तर आधी समुद्र ओलांडण्याचा खर्च घरातून काढावा लागे, आणि निवड झाल्यावर लष्करी वैद्यकाचे शिक्षणही तिकडेच पुरे करावे लागे. जो जाऊ शकत नसे तो असिस्टंट सर्जन होई, म्हणजे आयुष्यभर ‘असिस्टंट’. काँग्रेसच्या सुरुवातीच्या ठरावांत वैद्यकीय सेवेच्या पुनर्रचनेची मागणी वारंवार येते ती याच दुखण्यातून. १८९७ मध्ये तर काँग्रेसचे अधिवेशनच अमरावतीत भरले होते, आणि वऱ्हाडातल्या सुशिक्षितांना हा प्रश्न नवा नव्हता. विलायतेची ओढ ही केवळ मानसिक गुलामी होती असे म्हणणाऱ्यांनी ही रचना डोळ्यांसमोर ठेवावी. वरच्या जागेचे दार लंडनमध्ये उघडत असेल तर माणूस लंडनला जाणारच.

वऱ्हाडात त्या काळी वैद्यकीय शिक्षणाची सोयच नव्हती. नागपूरला रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले ते १९१४ मध्ये, आणि तिथून बाहेर पडणारे एल.एम.पी. म्हणजे परवानाधारक डॉक्टर होते, पदवीधर नव्हेत. तालुक्याच्या दवाखान्यात, रेल्वेच्या वसाहतीत, आठवडी बाजाराच्या गावात जे डॉक्टर लोकांनी पाहिले त्यांतले बहुतेक या वर्गातले. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे देशातल्या सुमारे ४७,५०० डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० परवानाधारक होते. समितीच्या बहुमताने हा वर्ग यापुढे नको, एकाच दर्जाचा ‘मूलभूत डॉक्टर’ हवा, असे ठरवले. काही सदस्यांनी त्याला विरोधही नोंदवला. दर्जाच्या दृष्टीने बहुमताचे म्हणणे समजण्यासारखे होते. पण लहान गावात प्रत्यक्ष बसणारा माणूस त्या निर्णयाने कमी झाला, आणि त्याच्या जागी येणाऱ्या पदवीधराला तिथे पोचवणारी पायरी मात्र बांधली गेली नाही. आजच्या तुटवड्याचे मूळ शोधायचे तर मी इथे थांबून पाहीन.

मान्यता देणारा हात दुसऱ्याचा असला की काय होते, हे १९३० मध्ये दिसले. हिंदुस्थानातल्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना पुरेशी बाळंतपणे प्रत्यक्ष करायला मिळत नाहीत, अशी ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलची बऱ्याच वर्षांची तक्रार होती. तपासणी कोणी करायची यावरून वाद पेटला, आणि कौन्सिलने त्या वर्षी भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. १९३३ च्या कायद्याने भारताची स्वतःची मेडिकल कौन्सिल उभी राहिली आणि १९३६ मध्ये ती मान्यता परत मिळाली. हा वाद राष्ट्रीय अपमान म्हणून आठवला जातो आणि तो तसा होताही. पण वादाचा मुद्दा पाहण्यासारखा आहे. तो पुस्तकी ज्ञानाचा नव्हता, हाताने केलेल्या कामाच्या संख्येचा होता. शिकाऊ डॉक्टरने किती बाळंतपणे स्वतः केली, हा प्रश्न तेव्हाही कळीचा होता आणि आजही आहे.

या गोष्टीची सर्वांत करुण साक्ष आनंदीबाई जोशींच्या शेवटच्या वर्षात मिळते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी त्यांना मिळाली, इतकेच आपण शाळेत शिकतो. पण पदवी हातात पडल्यावरही त्यांना वॉर्डातले काम शिकायचे होते आणि त्यासाठी त्या बोस्टनला गेल्या. तिथले स्त्रियांचे आणि मुलांचे रुग्णालय हे नवपदवीधर स्त्रियांना निवासी काम देणाऱ्या त्या काळच्या मोजक्या ठिकाणांपैकी एक होते. शरीराने साथ दिली नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या कक्षाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती, पण ती स्वीकारण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पदवीच्या पुढची पायरी एका स्त्रीसाठी मुंबई इलाख्यात कुठेही नव्हती म्हणून ती अमेरिकेत शोधावी लागली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात मागे पडते. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे धडे त्यांनी रॉयल फ्री हॉस्पिटलात घेतले, आणि १८९४ मध्ये पात्रता मिळवली ती स्कॉटिश कॉलेजांची. परत येऊन त्यांनी सुरत आणि राजकोट इथे आयुष्य वेचले. दोघींना जोडून पाहिले तर कळते की गेलेला माणूस परत येतो की नाही हे त्याच्या निष्ठेइतकेच इथे त्याच्यासाठी काही ठेवलेले आहे की नाही यावर ठरते. रखमाबाईंसाठी सुरतेचे स्त्री रुग्णालय होते. त्या आल्या आणि दशकानुदशके राहिल्या.

उलट बाजूचा पुरावा मुंबईतच आहे. १९२६ मध्ये परळला सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि के.ई.एम. रुग्णालय सुरू झाले तेव्हा देणगीदारांनी अट घातली होती की अध्यापक सरकारी सेवेबाहेरचे, पात्र हिंदी डॉक्टरच असावेत. या एका अटीने विलायती अधिकाऱ्यांच्या नजरेबाहेर हिंदी तरुणांसाठी हाऊसमन आणि रजिस्ट्रारच्या जागा तयार झाल्या. डीन जीवराज मेहता स्वतः लंडनचे एम.डी. होते. त्या पहिल्या पिढीने विलायतेत घेतलेले शिक्षण इथल्या जागांत ओतले, आणि पुढच्या पिढीतल्या पुष्कळांना ते इथेच घेता आले. याच कॉलेजातून निघालेले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेलेल्या काँग्रेसच्या वैद्यकीय पथकात होते. त्याच पथकात नागपूरचे ज्येष्ठ डॉक्टर चोळकरही होते. कोटणीस अठ्ठावीस वर्षांचे होते आणि पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करत होते. ते शिक्षण त्यांना युद्धभूमीवर मिळाले, आणि १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. त्यांच्याकडे आपण त्यागाची मूर्ती म्हणून पाहतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: उत्तर चीनच्या डोंगरातल्या, वीज-पाणी नसलेल्या खेड्यांत एक नवशिका डॉक्टर उत्तम शल्यचिकित्सक झाला, कारण त्याला काम होते, सोबती होते आणि जबाबदारी होती. गाव लहान असल्याने डॉक्टर घडत नाही या समजाचे याहून मोठे खंडन नाही.

स्वातंत्र्याच्याच वर्षी नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेज निघाले. वऱ्हाडच्या मुलांना एम.बी.बी.एस.साठी आता मुंबईपर्यंत जावे लागेना. पण पदवीनंतर काय, हा प्रश्न तसाच राहिला. एम.डी., एम.एस.च्या जागा थोड्या, त्यांवर बसलेले निवासी डॉक्टर त्याहून थोडे, आणि जिल्ह्याच्या रुग्णालयांत शिकाऊ जागा जवळजवळ नाहीतच. नेमक्या त्याच काळात, ५ जुलै १९४८ रोजी, ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. उपचार मोफत झाले, रुग्णालये भरली, आणि कनिष्ठ डॉक्टरांची चणचण पडली. १९५७ मध्ये विलिंक समितीने तर आता डॉक्टर जास्त होतील म्हणून वैद्यकीय प्रवेश कमी करण्याची शिफारस केली. तो अंदाज साफ चुकला आणि खड्डा भरायला भारतीय उपखंडातले पदवीधर गेले. १९६० च्या सुमारास तिथल्या कनिष्ठ डॉक्टरांपैकी सुमारे तिसरा हिस्सा आपल्या उपखंडातला होता. त्यांना हव्या असलेल्या एफ.आर.सी.एस. किंवा एम.आर.सी.पी. या परीक्षांची वाटही रुग्णालयातूनच जाई: मान्यताप्राप्त रुग्णालयातल्या निवासी जागा भूषवल्याशिवाय शल्यचिकित्सकांच्या अंतिम परीक्षेला बसता येत नसे. परीक्षा आणि नोकरी अशी एकमेकींत विणलेली होती. ‘शिकायला गेला’ आणि ‘कामाला गेला’ यांत तिथे फरकच नव्हता.

आणि कोणत्या जागा मिळाल्या? लंडनच्या नामवंत शिक्षण-रुग्णालयांतल्या शल्यचिकित्सेच्या जागा तिथल्याच पदवीधरांकडे राहत. आपल्या लोकांच्या वाट्याला उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांतली, वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यांतली रुग्णालये आली. विषयही ठरलेले: वृद्धांचे वैद्यक आणि मनोरुग्णालय, म्हणजे तिथल्या तरुणांना नको असलेले विभाग. सर्जन व्हायला गेलेले अनेकजण सीनियर हाऊस ऑफिसरच्या पायरीवर वर्षानुवर्षे अडकले आणि शेवटी ऱ्होंडासारख्या खाणवस्तीत कौटुंबिक डॉक्टर झाले. खाणकामगारांच्या धुळीने भरलेल्या फुप्फुसांवर, त्यांच्या विधवांच्या सांधेदुखीवर त्यांनी तीस-तीस वर्षे उपचार केले. १९७५ मध्ये ब्रिटनने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून परीक्षा लावली आणि तो ओघ आटत-वळत गेला. पण तोवर घडून गेलेली गोष्ट आपल्या वादाला निर्णायक आहे. खेड्यात जायला आपला डॉक्टर तयार नसतो, हे विधान इतिहासाला धरून नाही. तो खेड्यात गेला. थंड, धुरकट, परक्या भाषेच्या, कधी कधी रंगावरून टोमणे मारणाऱ्या खेड्यात गेला आणि राहिला. चांदूर रेल्वेला न आलेला डॉक्टर वेल्समधल्या एखाद्या चांदुरात दवाखाना उघडून बसला.

अमेरिकेची कथा हीच गोष्ट आणखी उघडपणे सांगते. १९५६ मध्ये परदेशी पदवीधरांची तपासणी करणारी संस्था निघाली आणि १९६५ च्या स्थलांतर कायद्याने राष्ट्रांवरचे जुने कोटे उठवले. तिच्या नावाची ‘ई.सी.एफ.एम.जी.’ ही आद्याक्षरे मग वैद्यकीय वसतिगृहांत मंत्रासारखी म्हटली जाऊ लागली. तिथे ‘रेसिडेन्सी’ म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, आणि रेसिडेंट म्हणजे रुग्णालयाचा पगारी नोकर. अदलाबदलीच्या व्हिसावर गेलेल्याने शिक्षण संपताच किमान दोन वर्षे मायदेशी राहायचे अशी अट होती, आणि तिच्यासाठी मायदेशाच्या सरकारकडून आमच्याकडे या विषयाच्या तज्ज्ञाची गरज आहे असे पत्रही लागे. मग १९९४ मध्ये, सिनेटर कॉनरॅड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीने, ही अट माफ करण्याची वाट निघाली: डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या अमेरिकन भागात तीन वर्षे पूर्ण वेळ काम केले तर परत जावे लागणार नाही. प्रत्येक राज्याला अशा जागांचा वार्षिक कोटा मिळाला. शिकाऊ डॉक्टरला आडगावी कसे न्यावे हे त्या सरकारने नीट ओळखले होते. प्रशिक्षण, कायदेशीर स्थान आणि आडगावातली सेवा या तिन्हींची एकच साखळी त्याने बांधली. गरज आहे असे पत्र आपण दिले. गरज भागवणारी जागा त्यांनी दिली.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की परदेशी प्रशिक्षणाने या देशाला खूप दिले, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मी ते नाकारत नाही. गोव्याच्या शिरोड्याचे वि. ना. शिरोडकर १९३१ मध्ये एफ.आर.सी.एस. होऊन परतले आणि वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाला टाका घालण्याची त्यांची पद्धत जगभर त्यांच्या नावाने चालते. विदर्भापुरते बोलायचे तर अभय आणि राणी बंग यांचे उदाहरण आहे. नागपुरात शिकून दोघे जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले, १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ उभी केली, आणि घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या त्यांच्या पद्धतीचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. पण या उदाहरणांत काय समान आहे? जाण्यापूर्वीच किंवा परतताक्षणी त्यांच्यापुढे इथले काम स्पष्ट होते: शिरोडकरांपुढे मुंबईचे प्रसूती रुग्णालय, बंग दांपत्यापुढे गडचिरोलीची बालमृत्यूची समस्या. कामाची जागा आधी आणि परदेशी प्रशिक्षण तिच्या सेवेला, हा क्रम असला की प्रशिक्षण घरी येते. मुंबईचे बॉम्बे हॉस्पिटल किंवा दिल्लीची एम्स यांच्या उभारणीत परतलेल्यांचा हात आहे, हेही याच क्रमाने समजते. चांदूर रेल्वेपुढे तो क्रम कधी आलाच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो डॉक्टरच घेतात. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात पदव्युत्तर विद्यार्थी काय शिकणार? रुग्णांचे वैविध्य नाही, तपासण्या नाहीत, शिकवणारा प्राध्यापक नाही. शल्यचिकित्सेच्या अवघड शाखांपुरते हे खरेच आहे, आणि मेंदूची शस्त्रक्रिया कोणी चांदूर रेल्वेत शिकावी असे मी म्हणणार नाही. पण वऱ्हाडातला रुग्ण कोणत्या आजाराने येतो? पावसाळ्यात नाग-मण्यारच्या दंशाने, फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाच्या विषबाधेने, मेळघाटात सिकलसेल आणि कुपोषणाने, वर्षभर अडलेल्या बाळंतपणाने. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले तेव्हा साऱ्या देशाला हा विषय कळला. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेत ॲट्रोपिन किती वेळा द्यायचे, बाहुलीपेक्षा छातीतल्या आवाजावर लक्ष का ठेवायचे, कुठे थांबायचे, हे बर्मिंगहॅमच्या वॉर्डात कोणी शिकवत नाही. मण्यार चावलेला माणूस सुरुवातीला शांत झोपल्यासारखा दिसतो, त्याच्या पापण्या जड होताहेत हे टॉर्च मारून पाहायचे असते आणि वेळेत श्वासाला आधार द्यायचा असतो. हे शिकण्याची उत्तम शाळा इथलीच आहे. तिथे उणीव प्राध्यापकाची आहे, रुग्णांची नाही.

मेळघाटातल्या बैरागडला गेलेले रवींद्र कोल्हे याच अंगाने महत्त्वाचे आहेत. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून पदवी घेतल्यावर दुर्गम भागात जाण्यापूर्वी कोणती कौशल्ये हवीत याचा त्यांनी आधी शोध घेतला: सोनोग्राफी आणि रक्ताच्या सोयीवाचून बाळंतपण कसे करावे, एक्स-रेशिवाय न्यूमोनिया कसा ओळखावा, अतिसार कसा सावरावा. ती शिकून मगच ते गेले. पत्नी स्मिताताई आणि ते दोघे तिथेच राहिले आणि २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या त्यागाचे कौतुक खूप झाले. मला त्यांनी स्वतःसाठी आखलेला अभ्यासक्रम त्याहून मोलाचा वाटतो. शिक्षणव्यवस्थेने जो प्रत्येक नवपदवीधराला द्यायला हवा तो एका माणसाने स्वतःच्या हिमतीवर जमवला. व्यवस्थेचे काम असामान्य माणसांवर सोडले की असामान्य माणसांच्या आयुष्याइतकेच ते टिकते.

तिसरा आक्षेप तरुणांच्या बाजूने येतो. पोरांनी कुठे राहायचे हे समाजाने का ठरवावे, ज्यांना आईबापांनी शेती गहाण टाकून शिकवले त्यांनी चार पैसे का मिळवू नयेत? या प्रश्नाला मी आदराने उत्तर देईन. जाण्याचे स्वातंत्र्य हिरावू नये, आणि आपल्याकडे जी बंधपत्राची सेवा आहे ती मला म्हणूनच अपुरी वाटते. सरकारी महाविद्यालयातून निघालेल्याने वर्षभर ग्रामीण सेवा करावी ही अट योग्य आहे, पण तो नवखा पदवीधर एखाद्या केंद्रात एकटा बसवला जातो, वर कोणी नसते, आणि ते वर्ष त्याच्या पुढच्या पदवीत शिकलेले वर्ष म्हणून धरले जात नाही. मग तो त्याला अडथळा मानतो आणि प्रवेशपरीक्षेची पुस्तके उशाला ठेवून दिवस काढतो. त्याला दोष देता येत नाही. वेल्सच्या रुग्णालयाने त्याच्याकडून काम घेतले तेव्हा ते काम त्याच्या परीक्षेसाठी गणले, राहायला खोली दिली, आणि रात्री अडले तर उठवायला एक रजिस्ट्रार ठेवला. शेतकऱ्याच्या मुलाला हा हिशेब चटकन कळतो.

चांदुरावरून जाणाऱ्या रुळांवर पुढे वर्ध्याला उतरले की सेवाग्राम लागते. १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी तिथे मेडिकल कॉलेज उभारले. त्यांनी स्वतः जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले होते. या संस्थेने एम.डी.च्या प्रवेशासाठी दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेची अट ठेवली आणि गावातली वर्षे पुढच्या शिक्षणाची पायरी ठरवली. मला माहीत असलेल्या भारतीय प्रयोगांत वेल्स आणि कॉनरॅडच्या रचनेला सर्वांत जवळचा हा आहे, आणि तो आपल्या दाराशी आहे. देशपातळीवर २०२१ च्या सुमारास ‘जिल्हा निवासी कार्यक्रम’ आला. एम.डी., एम.एस.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचे आणि ते त्याच्या शिक्षणात धरायचे, असा हा नियम आहे. तीन महिने थोडे आहेत. पण पहिल्यांदाच जिल्हा रुग्णालय हे शिक्षणाचे ठिकाण आहे असे नियमाने मानले.

अमरावतीला लोक अजूनही जिल्हा रुग्णालयाला ‘इर्विन’ म्हणतात आणि स्त्रियांच्या रुग्णालयाला ‘डफरीन’. अकोल्याच्या बायका ‘लेडी हार्डिंग’ला बाळंत होतात. व्हाइसरॉय आणि त्यांच्या पत्नी गेल्या, नावे राहिली. चांदूर रेल्वेहून अवघड रुग्ण आजही इर्विन-डफरीनकडेच ‘रेफर’ होतो, आणि तिथून अनेकदा नागपूरला. २०२४ मध्ये अमरावतीला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्याची पहिली तुकडी साडेपाच वर्षांनी, म्हणजे २०३० च्या सुमारास, इंटर्नशिप संपवून बाहेर पडेल. तोवर इर्विन आणि डफरीनमध्ये किती निवासी जागा मंजूर होतात, चांदूर रेल्वे, धामणगाव, नांदगाव खंडेश्वर इथल्या रुग्णालयांना त्यांच्याशी जोडून किती शिकाऊ डॉक्टर पाळीपाळीने पाठवले जातात, त्यांना राहायला जागा आणि सोबत भूलतज्ज्ञ मिळतो का, यावर त्या शंभर मुलामुलींतली किती लंडनच्या परीक्षेचा अर्ज भरतील ते ठरेल. रात्री दोन वाजता मण्यार चावलेला कास्तकार चांदुराच्या रुग्णालयात आणला जाईल तेव्हा ड्यूटीवरच्या पोरीच्या समोर भिंतीवर एक तक्ता लागलेला असेल. त्यावर तिने फोन करायच्या वरिष्ठाचे नाव लिहिलेले हवे, आणि त्या माणसाने फोन उचलायला हवा.